इंग्रजीत मनापासून 'हो' म्हणायचंय? कोणतं वाक्य कुठे वापरायचं

मे महिन्यात नागपुरात कोणी म्हणालं, "काय ऊन तापून राहिलं बाप्पा!" तर आपल्या तोंडून काय निघतं? "हाव ना!" "मले काय सांगता!" "तेच तं म्हणून राहिली मी!" यातलं कोणतं कुठे म्हणायचं, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. शेजारच्या काकूंना वेगळं, साहेबांना वेगळं, मैत्रिणीला वेगळं. सगळं आपोआप जमतं. अडचण येते ती कानाला हेडफोन लावून हीच सहमती इंग्रजीत द्यायची वेळ आली की. तेव्हा आपल्याजवळ दोनच शब्द उरतात, 'येस' आणि 'ओके'.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. गेली आठ वर्षं नागपूरच्या मिहान या उद्योग वसाहतीतल्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांशी बोलण्याचं काम करते. नवीन मुलं-मुली सुरुवातीचे काही आठवडे माझ्या बाजूला बसून कॉल ऐकतात. त्यांच्याकडे बघून एक लक्षात आलं. नकार द्यायचा असला की सगळे तयारी करून बोलतात. होकाराची तयारी कोणीच करत नाही, 'हो तर म्हणायचं आहे' असं वाटतं, आणि नेमकी तिथेच चूक होते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. मुलाखतीला जाणाऱ्यांना, नव्याने नोकरीला लागलेल्यांना आणि परदेशी जायला लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडावं.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- फोनमधला आवाज रेकॉर्ड करणारा ॲप. हा सगळ्यात महत्त्वाचा.
- एक छोटी वही. ऐकलेलं वाक्य, कोण कोणाला म्हणालं, आणि आधीचं वाक्य काय होतं, एवढं लिहायला.
- केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश. दोन्ही फुकट बघता येतात आणि दोन्हींत ब्रिटिश नि अमेरिकन असे दोन उच्चार ऐकायला मिळतात.
- युग्लिश ही वेबसाइट. वाक्प्रचार टाकला की खरी माणसं तो बोलताहेत असे व्हिडिओचे तुकडे एकामागून एक दाखवते.
- सराव करायला एक माणूस. न लाजता बोलता येईल असा.

१. ऐकताय की मान्य करताय, हे आधी वेगळं करा

माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. रात्री साडेआठचा कॉल, पलीकडे अमेरिकेतली ग्राहक बाई. ती सांगत होती की दुरुस्ती शुक्रवारपर्यंत हवी, आणि सोबत सगळे रिपोर्टही हवेत. ती बोलत होती आणि मी मधे मधे 'येस... येस येस... ओके, येस' करत होते. आईशी फोनवर बोलताना 'हं, हं, हो, बरं' करते ना, अगदी तसंच. माझ्या मनात तो निव्वळ हुंकार होता, म्हणजे 'ऐकते आहे, पुढे बोला'. कॉल संपला आणि वीस मिनिटांत तिची मेल आली: शुक्रवारची तारीख मान्य केल्याबद्दल आभार. टीम लीडने मेल वाचून माझ्याकडे बघितलं, आणि सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. ते काम शुक्रवारपर्यंत होण्यासारखं नव्हतंच. सहा जणांना दोन रात्री बसावं लागलं. त्यातल्या एकीचं बाळ तेव्हा घरी तापाने आजारी होतं. ते मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा पहिला नियम हा: हुंकारासाठी 'येस' वापरू नका. त्यासाठी 'म्-हं', 'राइट', 'आय सी' आहेत. समजलं एवढंच सांगायचं असेल तर 'गॉट इट'. 'येस' आणि 'ओके' खऱ्या होकारासाठी राखून ठेवा. बोलणं काम, पैसा किंवा तारखेवर आलं तर हुंकारही कमी करा आणि शेवटी एका वाक्यात स्वच्छ सांगा की ऐकलं आहे, पण उत्तर विचारून देते.

कॅमेरा सुरू असेल तर मान सांभाळा. आपली डावी-उजवीकडे डोलणारी मान आपल्याला 'हो' वाटते, पण परदेशी माणसाला त्यातून हो की नाही ते कळत नाही. होकार असेल तर मान सरळ खाली-वर.

२. 'आय ॲम ॲग्री' आधी जिभेवरून काढा

ही चूक हुशार मुलंही करतात, कारण ती मराठीतून येते. आपण म्हणतो 'मी सहमत आहे'. 'सहमत' हे विशेषण, त्याला 'आहे' लागतंच, म्हणून इंग्रजीतही 'ॲम' आपोआप घुसतं. पण 'ॲग्री' हे स्वतःच क्रियापद आहे. 'आय ॲग्री', संपलं. 'आय ॲम ॲग्रीइंग विथ यू' हे आपल्या 'म्हणून राहिली'च्या सवयीतून येतं, तेही नको. आणि 'खूप सहमत' म्हणायला 'व्हेरी ॲग्री' चालत नाही. 'ॲग्री'च्या आधी 'कम्प्लीटली', 'टोटली', 'फुली', 'एन्टायरली' असे शब्द बसतात.

त्याच्या मागच्या 'विथ', 'टू', 'ऑन'चा घोळ मला कोणत्याच क्लासमध्ये सुटला नव्हता. शेवटी मराठीतल्या प्रत्ययांनी सुटला. मताशी किंवा माणसाशी सहमत, तिथे 'शी', म्हणून 'विथ'. अटीला, प्रस्तावाला कबूल, तिथे 'ला', म्हणून 'टू'. किमतीवर, तारखेवर एकमत, तिथे 'वर', म्हणून 'ऑन'. 'आय ॲग्री विथ यू' म्हणजे तुमचं बरोबर आहे. 'आय ॲग्री टू द टर्म्स' म्हणजे अटी मान्य, आता मी बांधील. या दोन्हींत पैशांचा फरक आहे. बोलताना नुसतं मत पटलं असेल तर चुकूनही 'टू' लावू नका.

३. समोरचा 'नाही' म्हणतोय का, ते पकडा

इथे मराठी माणूस हमखास अडकतो. कोणी म्हणालं, "हे अजून तयार नाही वाटत." आपण म्हणतो, "हो ना." आपला 'हो' त्याच्या बोलण्याला असतो. इंग्रजीतला 'येस' मात्र गोष्टीला लागतो. 'इट इझन्ट रेडी' ला तुम्ही नुसतं 'येस' म्हणालात तर समोरचा थांबतो: म्हणजे तयार आहे म्हणते की नाही म्हणते? सहमती द्यायची तर म्हणायचं 'नो, इट इझन्ट'. 'नो' म्हणूनही आपण त्याच्या बाजूनेच असतो. पहिले काही दिवस जिभेला हे फार जड जातं.

नकारावर जोर द्यायचा असेल तरी नुसतं 'ॲब्सोल्यूटली' सोडू नका. 'सो यू डोन्ट थिंक इट्स रेडी?' या प्रश्नावर 'ॲब्सोल्यूटली' म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात. 'ॲब्सोल्यूटली नॉट' म्हणा.

असंच 'मी टू'चं. मराठीत 'मलापण' दोन्हीकडे चालतं. 'मला आवडलं', 'मलापण'. 'मला नाही आवडलं', 'मलापण'. इंग्रजीत दुसऱ्या ठिकाणी 'मी नायदर' लागतं. थोडं नीटस बोलायचं असेल तर 'सो डू आय' आणि 'नायदर डू आय'. इथे मधला शब्द समोरच्याच्या वाक्यातून उचलायचा असतो: तो 'आय ॲम' म्हणाला तर 'सो ॲम आय', 'आय कान्ट' म्हणाला तर 'नायदर कॅन आय', 'आय हॅव' वरून काम करून झाल्याचं सांगत असेल तर 'सो हॅव आय'. म्हणून वहीत आधीचं वाक्य लिहायला सांगितलं होतं. एकटं उत्तर पाठ करून काही होत नाही.

आणि 'वुड यू माइंड वेटिंग?' ला 'येस' म्हणू नका. त्याचा अर्थ 'हो, मला थांबायचा त्रास होतो' असा होतो. 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणजे खुशाल थांबते.

४. समोरच्याने काय टाकलंय, त्यावरून वाक्य निवडा

आता खरी निवड. जोराची सहमती दाखवणारी वाक्यं डझनभर आहेत, पण ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मी नवीन मुलांना एकच प्रश्न विचारायला लावते: समोरच्याने आत्ता मत दिलं, दुखणं सांगितलं, मुद्दा जुळवला, की काही मागितलं?

मत दिलं असेल, म्हणजे 'मला वाटतं हा निर्णय चुकला', तर 'आय कम्प्लीटली ॲग्री' किंवा 'आय कुडन्ट ॲग्री मोअर'. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ 'याहून जास्त सहमत होणं मला शक्यच नाही', म्हणजे आता वर जागाच उरली नाही. आपल्याकडे 'सोळा आणे खरं' म्हणतात, तेच. रुपया सोळा आण्यांचा होता, सतरावा आणा नव्हताच. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले, म्हण राहिली. इंग्रजीत आता सोळा आण्यांच्या जागी 'हंड्रेड पर्सेंट' फार ऐकू येतं. ते बोलण्यापुरतं ठीक, लेखी नको.

दुखणं सांगितलं असेल, म्हणजे 'काय ट्रॅफिक होतं आज', 'हा आठवडा संपतच नाही', तर 'टेल मी अबाउट इट' किंवा 'यू आर टेलिंग मी'. हे हुबेहूब आपलं 'मले काय सांगता!' आहे. अर्थ असा की मीही त्यातूनच जाते आहे. त्यामुळे अट एकच, तो अनुभव तुमचाही असला पाहिजे. सहकारी म्हणाली की मुलाच्या तापामुळे रात्रभर झोप नाही, आणि तुम्हाला मूल नाही, तर 'टेल मी अबाउट इट' तिला टोचेल. तिथे नुसतं 'दॅट साउंड्स रियली हार्ड' म्हणा.

हे वाक्य उलट बाजूनेही फसवतं. आमच्याकडच्या एका नव्या मुलाला ब्रिटिश ग्राहक म्हणाला होता, 'टेल मी अबाउट इट', आणि त्याने खरंच पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. त्याची काहीच चूक नव्हती, शब्द तर तेच सांगत होते. ओळखायची खूण म्हणजे आवाज. खरंच सांगायला सांगत असेल तर बोलणारा नंतर थांबून वाट बघतो. सहमतीचं असेल तर सुस्कारा टाकल्यासारखं येतं आणि तोच पुढे बोलतो. 'यू कॅन से दॅट अगेन' चंही तसंच. तुम्ही ते वाक्य पुन्हा म्हणावं अशी कोणाची अपेक्षा नसते.

मुद्दा जुळवला असेल, म्हणजे 'तर अडचण सॉफ्टवेअरची नाही, माहिती चुकीची भरली जाते आहे', तर 'एक्झॅक्टली'. नेमकं तेच, आपलं 'तेच तं'. पण जपून. समोरचा तुम्हाला नवीन काही समजावून सांगतो आहे आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला 'एक्झॅक्टली' म्हणालात, तर त्याला वाटतं, हिला आधीच माहीत होतं, मग मला कशाला बोलायला लावलं? शिक्षकाने विद्यार्थ्याला 'बरोब्बर' म्हणावं तसं ते लागतं. मोठ्या पदावरच्या माणसासमोर तर टाळाच. तिथे 'दॅट मेक्स सेन्स' चांगलं.

काही मागितलं असेल किंवा बेत सुचवला असेल, तर 'ॲब्सोल्यूटली', 'डेफिनेटली', 'शुअर'. 'ऑफ कोर्स' विनंतीला गोड लागतं: 'जरा पाठवाल का?', 'ऑफ कोर्स'. पण माहिती विचारली तेव्हा, 'रिपोर्ट गेला का?' ला 'ऑफ कोर्स' म्हटलं की 'हे काय विचारणं झालं?' असा सूर निघतो. 'ऑब्व्हियसली' तर त्याहून वाईट. आपल्याकडे कॉलेजात तो शब्द सर्रास चालतो, म्हणून मुद्दाम सांगते.

बैठकीत कोणी सूचना मांडली आणि तुम्हाला तिला बळ द्यायचं असेल, तर 'आय सेकंड दॅट'. हे कळायला सोसायटीची वार्षिक सभा आठवा: एक सूचक, एक अनुमोदक. हे त्या अनुमोदकाचं वाक्य. 'हिअर, हिअर' मात्र ब्रिटिश संसदेतून आलेलं आहे. भाषणाला दाद द्यायला ते ठीक, दोघांच्या गप्पांत शोभत नाही. आणि ते लिहायची वेळ आली तर 'ऐका' वाला 'हिअर', 'इथे' वाला नव्हे.

५. 'कुडन्ट' मधला 'न्ट' ऐकू आला पाहिजे

'आय कुडन्ट ॲग्री मोअर' हे सगळ्यांना आवडतं, आणि घाईत 'आय कुड ॲग्री मोअर' होऊन बसतं. अर्थ उलटा: 'याहून जास्त सहमत होता आलं असतं', म्हणजे फारसं पटलेलं नाही. अमेरिकेत 'आय कुडन्ट केअर लेस' (मला काही फरक पडत नाही) याचं 'आय कुड केअर लेस' हे 'न्ट' गिळलेलं रूपही त्याच अर्थाने चालतं, त्यामुळे काहींना वाटतं इथेही चालेल. 'ॲग्री' बरोबर चालत नाही.

'न' वर जीभ वरच्या दातांमागे टेकवून क्षणभर थांबा. 'ट' अर्धा गेला तरी चालेल, 'न' गेला तर वाक्य गेलं. आणि जोर शेवटच्या 'मोअर' वर द्या. आपण मराठीच्या चालीवर सगळे शब्द सारख्या वजनाने म्हणतो, मग जोराचं वाक्यही हजेरी दिल्यासारखं वाटतं. रेकॉर्ड करून ऐका, मग पुन्हा म्हणा. मी खापरी ते सीताबर्डी मेट्रोत हेडफोन लावून, हलक्या आवाजात, दोन आठवडे हे एकच वाक्य घोटलं होतं.

६. माणूस कुठला, जागा कोणती

'टोटली', 'फॉर शुअर', 'आय नो, राइट?' यांना अमेरिकन वळण आहे. सहकाऱ्यांत चालतील, मुलाखतीत नकोत. 'स्पॉट ऑन' ब्रिटिशांकडे जास्त. 'क्वाइट' जपून ऐका. ब्रिटिश माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर बहुतेक वेळा ते 'ठीकठाक' असतं, पण तोच 'आय क्वाइट ॲग्री' म्हणाला तर पूर्ण सहमत. शब्द एक, वजन दोन. तुम्ही स्वतः तो वापरू नका, ऐकताना मात्र ओळखा.

आयईएलटीएसच्या लेखी परीक्षेच्या दुसऱ्या भागातल्या निबंधाला तुम्ही किती सहमत किंवा असहमत आहात असा प्रश्न बऱ्याचदा असतो, किमान २५० शब्दांचा. तिथे पहिल्या परिच्छेदातच बाजू सांगा: 'आय कम्प्लीटली ॲग्री दॅट' आणि पुढे विधान, तेही स्वतःच्या शब्दांत. 'स्ट्राँगली ॲग्री' चुकीचं नाही, पण ते सर्वेक्षणाच्या फॉर्मवरच्या पाच चौकटींतलं वाटतं. लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेली ती मोजपट्टी आपण सगळ्यांनी कधी ना कधी भरली आहे. बोलताना 'आय स्ट्राँगली ॲग्री' म्हटलं की फॉर्म भरल्यासारखं ऐकू येतं. तोंडी परीक्षेचा तिसरा भाग चार-पाच मिनिटांच्या चर्चेचा असतो, तिथे 'डेफिनेटली' किंवा 'ॲब्सोल्यूटली' सहज शोभतं. एकदा. प्रत्येक उत्तराची सुरुवात त्याने केली तर पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं.

ऑफिसच्या मेलमध्ये उद्गारचिन्हं नकोत. 'आय फुली ॲग्री विथ' आणि पुढे नेमका कोणता मुद्दा, एवढं पुरेसं.

७. ही वाक्यं सहमतीची वाटतात, पण नाहीत

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

- 'आय हिअर यू': तुमचं म्हणणं पोचलं. पटलं असं नाही.
- 'आय सी युअर पॉइंट': याच्या मागे बहुतेक वेळा 'बट' येतो. थांबा, तो येऊ द्या.
- 'फेअर इनफ': चला, ठीक आहे, वाद नको.
- 'आय सपोज सो': मन नसताना दिलेला होकार.
- 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट': इथून पुढे विरोध सुरू.

ग्राहकाने 'आय हिअर यू' म्हटल्यावर 'क्लायंटला मान्य आहे' असं कामाच्या नोंदीत लिहिलेलं मी दोनदा बघितलं आहे. दोन्ही वेळा पुढच्या बैठकीत सगळं पुन्हा उभं राहिलं.

८. होकारानंतर एक वाक्य जोडा

माझ्या मते जोर सगळ्यात जास्त इथून येतो. 'ॲब्सोल्यूटली' म्हणून गप्प बसलं की समोरच्याला वाटतं, बरं दिसावं म्हणून म्हटलं. 'ॲब्सोल्यूटली' म्हणून लगेच 'गेल्या महिन्यात आमच्याकडेही तीन वेळा हेच झालं' असं सांगितलं की त्याला कळतं, हिने ऐकलं आहे, हिला खरंच पटलं आहे. मोठा शब्द सुचला नाही तरी चालेल. साधं 'आय ॲग्री' आणि पुढे एक खरं कारण, हे तीनदा म्हटलेल्या 'टोटली'पेक्षा वजनदार ठरतं.

सराव असा करा. मैत्रिणीने मराठीत एक वाक्य टाकायचं, 'तर्री पोह्याशिवाय सकाळ होत नाही' असं काहीही. तुम्ही आधी नागपुरी होकार द्यायचा, जो आपोआप निघेल तो. 'हाव ना' निघालं, 'मले काय सांगता' निघालं की 'तेच तं', हे बघायचं. मग त्याच जागेवरचं इंग्रजी वाक्य म्हणायचं आणि त्याला कारण जोडायचं. रोज पाच वाक्यं पुरे, त्यातली दोन नकारार्थी. आठवड्याने पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढून ऐका, आणि 'कुडन्ट' मधला 'न' अजूनही हरवत असेल तर तेवढंच पुन्हा घोटा.